वीस वर्षांची द्राक्षं

माझ्या टेबलावर रबराची पोळी असायची. शेजारी रबराची भाताची मूद, रबराचं केळं, स्टीलच्या तीन मापाच्या वाट्या आणि प्लॅस्टिकच्या काळ्या द्राक्षांचा एक घड. नागपुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ होते, आणि हा माझा संसार. नवीन पेशंट खुर्चीवर बसला की आधी पोळी दाबून बघायचा. काही जण वास घेत. एका आजोबांनी तिचा तुकडा मोडायचाही प्रयत्न केला होता.

आमच्या कामाची सुरुवात एका साध्या प्रश्नानं होते. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते सांगा. या प्रश्नाला विदर्भातलं ठरलेलं उत्तर आहे : "काही नाही जी, साधंच." मग त्या साध्यातून चहा किती, त्यात साखर किती, पोळीला तेल लावता का, दुपारी शेजारी गेला होता तिथं काय दिलं, असं एकेक बाहेर काढायचं. रबराची पोळी त्यासाठी. माणूस "दोन पोळ्या" म्हणतो तेव्हा त्याच्या मनातली पोळी केवढी, हे कळायला हवं. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी त्यात आणखी एक प्रश्न घातला. घरात स्वयंपाक कोण करतं? काय खाल्लं यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त उपयोगाला येतं, हे पुस्तकात नव्हतं.

द्राक्षं माझ्या टेबलावर आली ती पेशंटांमुळेच. कधीतरी अशी हवा सुटली की काळ्या द्राक्षांत म्हातारपण थांबवणारं काहीतरी आहे. मोबाईलवर रोज नवा निरोप यायचा. द्राक्षाच्या बियांच्या गोळ्या, द्राक्षाच्या सालीच्या गोळ्या, परदेशातल्या लेकींनी पाठवलेल्या डब्या, आणि सगळ्यांच्या वर रेड वाइन. मोसंबी-संत्र्यांच्या गावात लोक संत्री सोडून द्राक्षांमागे लागले.

त्यात खरं किती, हे मी सगळ्यांना सांगायचे तसंच इथं सांगते. सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं. हवेतला प्राणवायू त्याला लागतो. आपल्या शरीरातही अन्न जाळताना अशीच झीज करणारी द्रव्यं तयार होतात. शरीर ती रोज आवरत असतं. झाडंही उन्हापासून आणि किडीपासून स्वतःला वाचवायला काही द्रव्यं बनवतात, आणि ती बहुतेक करून सालीत, बीत आणि गडद रंगात असतात. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ती आहेत. वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यातही थोडी उतरतात. इथपर्यंत सगळं खरं. पुढे मात्र प्रयोगशाळेतल्या उंदराला दिलेला डोस माणसाला द्यायचा तर वाइनच्या टाकीतच बसावं लागेल. गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचा भरवशाचा पुरावा मला कुठं सापडला नाही. आणि दारू ती दारूच. ती लिव्हरशी, झोपेशी, औषधांशी जे करायचं ते करतेच, मग ती द्राक्षाची असो की मोहाची. साल न काढलेलं वांगं, जांभूळ, बोरं, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी यांत तीच किंवा त्यांच्या नात्यातली द्रव्यं असतात. पण अंबाडीबद्दल कुणी निरोप पाठवत नाही.

हे सांगून फार कुणाचं समाधान व्हायचं असं नाही. जरीपटक्यातले एक कापडाचे व्यापारी होते. गप्पिष्ट, कोलेस्टेरॉल वाढलेले. म्हणाले, "मॅडमजी, बस एक लाइन लिहून द्या. रोज एक ग्लास रेड वाइन. सही तुमची, बाकी मी बघून घेतो."

"कशासाठी?"

"हार्टसाठी. आणि मिसेसला दाखवायला."

मी म्हटलं, पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या, त्यांच्यासमोर लिहिते. ते परत आले नाहीत. महिन्याभरानं त्यांच्या मिसेसच आल्या आणि उभ्या उभ्याच विचारलं, "आप ही वो मॅडम है क्या, जिन्होंने मुँहजबानी बोतल बताई है?"

कळमेश्वरहून एक बाई नवऱ्याला घेऊन यायच्या. नवरा तिथल्या कारखान्यातून निवृत्त झालेला, तोंडात कवळी. त्याच्यासाठी त्या रोज वाटीभर काळी द्राक्षं निवडून, एकेक सोलून, आतली बी सुईनं काढून द्यायच्या. तासभर जायचा. मी विचारलं, सालं आणि बिया कुठं जातात? म्हणाल्या, "गाईले घालतो." मी म्हटलं, मग तुमची गाय शंभर वर्षं जगणार. त्या इतक्या हसल्या की बाहेर रांगेत बसलेले लोक आत डोकावले. नवरा मात्र हसला नाही. "सालंच खा म्हनता काय आता?" म्हणाला.

अशी माणसं आठवली की अजून बरं वाटतं. पण मला लिहायचं आहे ते सुखदेवरावांबद्दल, आणि त्यासाठी आधी माझं थोडं सांगायला हवं.

माझे यजमान निवृत्तीच्या आधीच गेले. हृदयविकार होता, पण औषधं वेळेवर होती, चालणं होतं, आणि खाणं तर माझ्याच हातचं. मीठ मोजलेलं, तेल मोजलेलं. महाविद्यालयात इतिहास शिकवायचे. जेवताना पुस्तक उघडं असायचं, त्यामुळे ताटात काय आहे याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. एका सकाळी छातीत दुखलं म्हणाले. माझ्याच रुग्णालयाच्या फाटकातून आम्ही त्यांना आत नेलं. भेटायला येणारी माणसं वाईट नव्हती. पण दर दुसऱ्या तिसऱ्या माणसाच्या तोंडून एकच वाक्य यायचं : "अहो, तुम्ही तर डाएटच्या मॅडम. तरी असं कसं?"

मी परत कामावर गेले तेव्हा त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रबराची पोळी समोर होती, तोंड तेच तेच सांगत होतं, आणि मनात आपण हे कुणाला आणि कशाला सांगतो आहोत, असं चालायचं. त्या हिवाळ्याच्या शेवटी, द्राक्षांच्या दिवसांत, सुखदेवराव आले.

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. बॉयलरवर नोकरी झालेली. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, पांढरा शर्ट, कपाळाला अबीर. मागे त्यांची मुलगी. नाव वनिता, पण सगळे बेबी म्हणायचे. वय चाळिशीला आलेलं, समज सात-आठ वर्षांच्या मुलीची. दोन वेण्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत आल्या आल्या तिनं रबराचं केळं उचललं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, खोटं आहे."

"ठेव वं बेबी. मॅडमचं आहे ते." मग खुर्चीच्या कडेवर बसत ते मला म्हणाले, "मॅडम, मले वीस वर्षं पायजेत."

"काय?"

"अजून वीस वर्षं. कसंबी करून. सांगा काय खाऊ."

लोक माझ्याकडे वजन उतरवायला येत, साखर उतरवायला येत. असा थेट आकडा घेऊन कुणी आलं नव्हतं. मला जरा रागच आला. आमच्या घरात नुकतंच जे झालं होतं त्यानंतर कुणी वीस वर्षं भाजीसारखी मागावीत, हे मला सहन झालं नाही. पण आमचा प्रश्न ठरलेला असतो. मी तो विचारला. काल सकाळपासून काय खाल्लं?

सकाळी मूठभर काळी द्राक्षं, बियांसकट चावून. मग मनुका. मनुका ते स्वतः गच्चीवर द्राक्षं वाळवून करत, आणि त्या वीज केंद्राच्या राखेमुळे पुन्हा धुवाव्या लागत, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. द्राक्षबियांच्या गोळ्या दोन. दुपारी थोडा भात. रात्री पुन्हा द्राक्षं. डाळ सोडलेली, कारण कुणीतरी जड असते म्हणालं. दूध बंद. अंडं आयुष्यात नाही. सोमवार उपास, चतुर्थी उपास, एकादशी उपास, कारण उपासानंही आयुष्य वाढतं म्हणे. मधुमेहाची गोळी सकाळी, नियमानं. उपास असो नसो.

"सोमवारी गोळी घेता आणि खात नाही?"

"देवाचा उपास देवाच्या जागी, डाक्टरची गोळी डाक्टरच्या जागी."

"आणि घरात स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. हिची माय गेली त्याले चार वर्षं झाले." बेबी तेव्हा वाट्या एकात एक घालून पाहत होती. आवाज खाली करून ते म्हणाले, "पुतण्या आहे, पण पुण्याले. त्याची बायको म्हनते, आणून ठेवा आमच्याकडे. पण कशी ठेवन हिले? मी गेलो तर हिले भात कोण देईन? म्हनून वीस. वीस वर्षं मी राह्यलो तर ही साठीची होते. मंग देवानं दोघाइलेबी न्यावं."

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

मी त्यांना काय सांगितलं? तेच, जे सगळ्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागतं. म्हातारपणी माणूस हाडांनी आणि स्नायूंनी उभा असतो, आणि स्नायूला डाळ, दही, दाणे लागतात. द्राक्षं खा, पण जेवण म्हणून नको. बियांच्या गोळ्या बंद. उपास करायचाच असेल तर त्या दिवशीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून करा. तुमची गोळी पोटात अन्न असो नसो, साखर खाली ओढतच राहते. त्यांनी मान हलवली. माझ्या अनुभवात एवढ्या झटपट हलणाऱ्या मानेचा फारसा भरवसा नसतो.

मधुमेहाचा पेशंट असला की घरातल्या माणसाला साखर उतरल्याची खूण शिकवायची, ही आमची पद्धत. त्यांच्या घरात माणूस एकच होतं. मी बेबीला जवळ बोलावलं. "बेबी, बाबांना खूप घाम आला, हात थरथरले, आणि ते वेड्यासारखं बोलायला लागले, तर काय करायचं?"

"मॅडम, तिले काय समजते," सुखदेवराव म्हणाले.

"बघू ना."

साखर-पाणी पाजायचं. गिळता येत नसेल तर पाजायचं नाही, ओठाच्या आत हिरडीला साखर चोळायची. आणि ओरडून माणसं बोलवायची. बेबीनं ते माझ्यासमोर वडिलांवरच करून दाखवलं. त्यांच्या ओठाला खोटी साखर लावली आणि इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या एक्स-रेच्या खोलीतून माणूस धावत आला. भेटीच्या कागदावर मी माझा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिला आणि सांगितलं, हा भिंतीला लावा.

पुढच्या भेटीत सुखदेवराव डाळ खायला लागले होते. वजन थोडं वर आलं होतं. पण चेहरा चोरट्यासारखा. खोदून विचारल्यावर कळलं की वाइन आणली आहे. हा माणूस आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी चढलेला नव्हता. त्यांच्या वस्तीत भजनी मंडळ होतं आणि सुखदेवराव त्याचे प्रमुख. व्यसन सोडा म्हणून घरोघर सांगत फिरलेले. त्यांनी एका ओळखीच्या पोराकडून शहरातून बाटली मागवली, ती गंगाजलाच्या कॅनमागे ठेवली, आणि रोज सकाळी वाटीभर घेऊन पातेल्यात आलं-तुळस घालून काढ्यासारखी उकळली.

"उकळली कशाला?"

"नशा उडून जाते ना जी. गुण राह्यते."

मला हसू आवरलं नाही. कितीतरी आठवड्यांनी मी हसले असेन. मग गंभीर होऊन सांगितलं की हे बंद करा, उकळलेली नको आणि बिनउकळलेली तर अजिबात नको, तुमच्या गोळीशी तिचं जमणार नाही. मान पुन्हा झटकन हलली. बेबी म्हणाली, "काढा कडू आहे. मी थुकला."

त्यानंतरची चतुर्थी. संकष्टी, म्हणजे चंद्र दिसेपर्यंत जेवण नाही. सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि चार द्राक्षं खाल्ली. दरम्यान मोबाईलवर निरोप आला होता की उकळल्यानं द्राक्षातला अर्क मरतो. म्हणून दुपारी, उपाशी पोटी, त्यांनी एक वाटी तशीच घेतली. औषध घेतल्यानं उपास मोडत नाही, असं स्वतःला समजावलं असेल. उपाशी माणसाची साखर उतरायला लागली की लिव्हर आपल्या साठ्यातून साखर सोडतं आणि वेळ निभावून नेतं. पण दारू पोटात गेली की लिव्हर आधी तिच्यामागे लागतं. एकीकडे गोळी साखर ओढते आहे, दुसरीकडे घरचा रखवालदार भलत्याच कामाला गेलेला.

सुखदेवराव अंगणात तोल जाऊन पडले. शेजारचे मोहनभाऊ आणि त्यांची बायको लता धावले. सुखदेवराव बरळत होते, शर्ट घामानं भिजलेला, आणि तोंडाला वास. भजनी मंडळाच्या प्रमुखाच्या तोंडाला.

पुढे जे झालं ते या लोकांच्या चांगुलपणातून झालं. मोहनभाऊंनी इकडं तिकडं पाहिलं, कुणी बघायच्या आत त्यांना उचलून खाटेवर नेलं, पंखा लावला, आणि बाहेरून दाराला कडी घातली. लता मला नंतर म्हणाली, "आम्ही म्हटलं, बायको गेल्यापासून एकटा माणूस, दुःखात घेतली असंल. झोपले की उतरून जाईन. उगाच बोभाटा काहून?" त्यांनी बेबीलाही आपल्या घरी नेलं, तिनं बापाला तसं पाहू नये म्हणून. शेंगदाण्याची चिक्की दिली.

बेबीनं चिक्की खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबाले घाम आला."

"उन्हाचा आला वं. झोपले ते."

"हात थरथरते. वेड्यावानी बोलते."

"हो, बेबी. उद्या चांगले बोलतीन."

मग ती ओरडायला लागली. मी शिकवलं होतं तशी. लता सांगते, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, समोरच्या घराची माणसं बाहेर आली, आणि ज्या बोभाट्याला मोहनभाऊ भीत होते तोच झाला. त्या गोंधळात बेबी सुटली, कडी काढून आत गेली, साखरेचा डबाच घेऊन खाटेवर बसली आणि बापाच्या ओठात बोटानं साखर चोळायला लागली. मोहनभाऊ तिचा हात धरायला गेले तर तिनं भिंतीवरचा कागद दाखवला. "मॅडमले फोन लावा."

फोन आला तेव्हा मी जेवणाची सुट्टी संपवून टेबलापाशी आले होते. मोहनभाऊ ओशाळून बोलत होते. "काही नाही मॅडम, थोडी जास्त झाली आहे त्याइले. ही पोरगी ऐकूनच नाही राहिली, म्हनून फोन केला."

मी एकच विचारलं. घाम आहे का?

"घाम तर लय आहे जी. गादी ओली झाली."

त्या क्षणी मला समोरची पोळी, केळं काही दिसेनासं झालं. मी म्हटलं, दारू नाही ती, साखर उतरली आहे. पाणी ओतू नका तोंडात, घशात जाईल. कुशीवर करा. बेबी जे करते आहे ते करू द्या. आणि आत्ता, याच क्षणी गाडीत घाला, जवळ जो दवाखाना लागेल तिथं सांगा साखर तपासा, नाहीतर सरळ इकडं आणा.

कोराडीकडून येणारा रस्ता मला माहीत होता. कोळशाचे ट्रक, मधे मधे खोदकाम. मी खाली आकस्मिक विभागाच्या दारात जाऊन उभी राहिले. डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, सलाईन तयार होतं. करायला काही उरलं नव्हतं. याच फाटकातून काही महिन्यांपूर्वी मी यजमानांना घेऊन आत आले होते, आणि बाहेर एकटी पडले होते. त्यानंतर मी रोज मागच्या दारानं कामावर यायचे. त्या दुपारी पहिल्यांदा त्या फाटकाकडे इतका वेळ पाहिलं. सुखदेवराव गेले तर बेबीला भात कोण देईल, हा त्यांचा प्रश्न आता माझ्याकडे आला होता. पुण्याच्या पुतण्याचा चेहरा मी डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करत होते. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

मोहनभाऊंची व्हॅन आली. बेबी मागच्या सीटवर बापाचं डोकं मांडीवर घेऊन, बोटं चिकट, साखरेचा डबा अजून काखेत. डॉक्टरांनी बोट टोचलं, साखर फार खाली होती, शिरेतून ग्लुकोज गेलं. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगते, आमच्या व्यवसायाशी लागून असलेल्या गोष्टींत यासारखी जादू दुसरी नाही. सुई अजून हातातच असते आणि माणूस डोळे उघडून इकडं तिकडं बघतो. सुखदेवरावांनी डोळे उघडले, बेबीकडं पाहिलं आणि विचारलं, "जेवली काय वं?"

बेबी म्हणाली, "चिक्की खाल्ली नाही."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले. मला वाटतं मी रडलेही असेन, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. तरुण डॉक्टर मागून आले आणि म्हणाले, तिनं हिरडीला चोळलेल्या साखरेनं थोडा आधार मिळाला असणार, आणि वेळेवर आणलं हे तर त्याहून मोठं. झोपू दिलं असतं तर अवघड होतं.

सुखदेवरावांना दोन-तीन दिवस ठेवून घेतलं, कारण त्या गोळीचा परिणाम लांबतो. पहिल्या संध्याकाळी मोहनभाऊ मान खाली घालून आले. सुखदेवराव म्हणाले, "काहून गा मोहन, कडी लावली म्हने तू?"

"तुमची इज्जत वाचवून राहिलो होतो ना काका."

"अन् जीव?"

"तो बेबीनं वाचवला. आपण काम वाटून घेतलं."

शेजारच्या खाटेवरचा पेशंटही हसला. नंतर कित्येक महिने वस्तीतली माणसं त्यांना विचारत, "सुखदेवराव, त्या दिवशी चढली होती की उतरली होती?" भजनी मंडळानं त्यांचं पद काढलं नाही. टाळ मात्र काही दिवस दुसऱ्याच्या हातात दिले.

वॉर्डात मी रोज त्यांच्याकडे जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, साहेब काय खायचे?" माझ्या यजमानांबद्दल त्यांना कुणीतरी, बहुधा आमच्या परिचारिकेनं सांगितलं होतं.

"सगळं मोजून. माझ्याच हातचं," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, जे कुणाशी बोलले नव्हते ते बोलून टाकलं. "तरी गेले."

ते माझ्याकडं वळून म्हणाले, "दुखणं कधीचं होतं त्याइले?"

"पंधरा-सोळा वर्षांचं."

"मंग तुम्ही उलटं काहून पाहून राहिल्या? पंधरा वर्षं राह्यले ना ते. तुमच्या हातचं खाऊनच राह्यले असतीन."

हे खरं असेल की नसेल, मी शास्त्र शिकलेली बाई, मला ते सिद्ध करता येणार नाही. त्यांच्या समाधानासाठी नव्हे, माझ्याच समाधानासाठी मी ते मान्य केलं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी स्वतःसाठी वरण-भात केला, ताट वाढून घेतलं आणि टेबलावर यजमानांचं अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडून ठेवलं. चहा-टोस्टवर काढलेल्या त्या महिन्यांतलं ते पहिलं पुरं जेवण.

इकडं बेबी लताच्या घरी होती. बाप नाही, शेजाऱ्याचं घर, पोरगी रडून गोंधळ घालेल असं सगळ्यांना वाटत होतं. लताच्या स्वयंपाकघरात ती ओट्यापाशी उभी राहिली ती हललीच नाही. लता म्हणाली, तांदूळ धुशील? धुतले. पाणी घालशील? लतानं बोटाचं पेर दाखवलं, तेवढं घातलं. कुकरची शिटी झाली की ती टाळी वाजवायची आणि गॅस बंद करायला लताला ओढून आणायची. सुखदेवरावांनी किंवा त्यांच्या बायकोनं तिला कधी ओट्याजवळ येऊ दिलं नव्हतं. भाजेल, कापेल, सांडेल. माया इतकी की तिच्या हाताला काम लागलंच नाही.

मला हे कळलं ते पुढच्या भेटीत. सुखदेवरावांचं वजन, साखर, सगळं आता बरं होतं. डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी बदलली होती, उपासाचे दिवस महिन्यातून एकावर आणले होते. बाटली मोहनभाऊंनी नालीत ओतली होती, तेव्हा सुखदेवराव शेजारी उभे राहून "पैसे गेले गा" म्हणत होते. काल काय खाल्लं, मी विचारलं. ते म्हणाले, "वरण, भात, वांग्याची भाजी, दही." मग बेबीकडं बघत, "भात हिनं केला."

"एकटीनं?"

"लता बाजूले उभी होती. पण हातानं हिनं केला. जरा चिकट झाला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसता चष्मा काढून हातात धरला. "मॅडम, मी उगाच वीस-वीस करून राहिलो होतो. मले वाटे, मी नसलो की हिचा भात नाही. आता लता रोज बोलावते तिले. मोहन म्हनते, काका, पुण्या-बिण्याले काही पाठवायची गरज नाही, आम्ही आहो. पुतण्याबी फोनवर कबूल झाला, घर हिच्याच नावानं राहू द्या म्हनला."

असे प्रश्न एका भातानं सुटत नाहीत हे मलाही कळतं आणि त्यांनाही कळत होतं. पण त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं होतं, ते दिसत होतं. ते पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसले होते.

"तर मॅडम, वीस राहू द्या. पाच द्या. पाचात तिले पोळी येते."

बेबी रबराची पोळी हातात घेऊन तिच्या कडा बघत होती. ती न बघताच म्हणाली, "मले दोनात येते."

"दोनात?" सुखदेवराव तिच्याकडं वळले. "मंग दोनाच्या पुढं माझं काय काम वं बेबी?"

बेबीनं पोळी टेबलावर ठेवली, बापाकडं असं पाहिलं की एवढंही कसं कळत नाही, आणि म्हणाली, "जेवाले कोण पायजे मंग?"